मागच्या दारचा पाहुणा

त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. खरं नाव कंपनीच्या कागदांवर होतं आणि तिथंच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी टूरची बस चालवली, आणि प्रत्येक वळणाच्या आधी ते स्वतःशीच पुटपुटत, "सावकाश, सावकाश." पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना ते ऐकू जाई. कुणीतरी गमतीनं हे नाव ठेवलं, ते रस्त्याकडेच्या सगळ्या खाणावळींत फिरलं आणि फिरत फिरत घरीही पोचलं. बायको शेजारणीला सांगायची, "आमचे सावकाशराव आज यायचेत. कधी, ते नावावरूनच ओळखा."

रस्ता एकच. रेल्वे स्टेशनच्या गावातून सकाळी निघायचं, मोठ्या तळ्याच्या काठाकाठानं जायचं, सफरचंदाच्या बागा मागे टाकायच्या, मग घाट चढून खिंडीत पोचायचं आणि तिसऱ्या दिवशी उलट्या वाटेनं परत. शहरातली माणसं हे सगळं बघायला लांबून येत. वाटेत खाण्यापिण्याचे अकरा थांबे होते. कुठं कॉफी, कुठं केक, कुठं दुपारचं जेवण. बस थांबली की प्रवासी पुढच्या दारानं आत जात आणि ड्रायव्हर मागच्या. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो सगळ्या रस्त्यावर सारखा होता. प्रवासी आणून देणाऱ्या ड्रायव्हरला स्वयंपाकघरात पोटभर खायला मिळे, आणि मोबदल्यात त्यानं पुढच्या खोलीत यायचं नाही, एवढंच.

सावकाशरावांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. उलट ते म्हणत, पुढं बसणाऱ्याला जेवण मिळतं, मागं बसणाऱ्याला ते तव्यावरून मिळतं. अकराही स्वयंपाकघरं त्यांना तळहातासारखी पाठ होती. कुठल्या चुलीचा धूर उलटा येतो, कुठला नळ घट्ट बंद होत नाही, कुठल्या आचाऱ्याचं आणि मालकाचं सोमवारी पटत नाही, सगळं ठाऊक. पण त्या स्वयंपाकघरांच्या पलीकडं, जिथं प्रवासी बसत, तिथं काय आहे हे त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

साठी पूर्ण झाली आणि कायद्यानं प्रवासी बस चालवायला बंदी आली. कंपनीनं फुलं दिली, शाल दिली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर वेळ गाठण्यासाठी धावलेल्या माणसाला, वेळ मोकळा झाल्याच्या दिवशी घड्याळ. ते सावकाशरावांनी बैठकीच्या खोलीत लावलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले. तीन आठवड्यांत त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्यांच्या कड्यांना घातलं, शिलाई मशीनला दोनदा घातलं. बायको शिवणकाम करायची. ती मुलीला फोनवर म्हणाली, "आता या घरात तेल घालायचे राहिलेत ते फक्त माझे गुडघे. काहीतरी कर बाई."

मुलगी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. कमी बोलायची, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तिनं तीन दिवसांची रजा टाकली, आपली लहानशी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तोच रस्ता, तेच थांबे. पण या वेळी चालवणार मी आणि बसणार तुम्ही."

बायकोला वळणं सोसत नसत. घाटात तिचं पोट तिच्या आधी वर पोचतं, असं ती म्हणायची. तिनं दोघांना डबा बांधून दिला. एवढ्या खाणावळी पालथ्या घालायला निघालेल्या माणसांना डबा कशाला, असं सावकाशरावांनी विचारल्यावर ती म्हणाली की रस्त्याचा भरवसा नसतो, हे तुम्हाला मी सांगायचं का?

पहिला तासभर कठीण गेला. सावकाशराव शेजारच्या सीटवर ताठ बसले होते, हात मांडीवर, नजर रस्त्यावर, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता.

"बाबा, तिकडं ब्रेक नाहीये."

"मला माहितीये. पायाला माहीत नाही."

तळ्याकाठचा पहिला थांबा आला. मुलीनं गाडी पुढच्या अंगणात लावली आणि वळून पाहिलं तर शेजारची सीट रिकामी. सावकाशराव सवयीनं लाकडांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून, कोबीच्या टोपल्यांमधून वाट काढत मागच्या दाराशी पोचलेसुद्धा. तिथल्या आचारीणबाई गेली अठरा वर्षं त्या चुलीसमोर उभ्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं की आज बस कुठं लावली, आवाज नाही आला.

"बस नाही. आज मी पाहुणा आहे," सावकाशराव म्हणाले, आणि आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटून थोडे लाजले.

आचारीणबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला. मग त्यांनी सावकाशरावांचं मनगट धरलं आणि त्यांना चुलीवरून, भांडी घासायच्या हौदावरून, थेट त्या दोन्हीकडं झुलणाऱ्या दारापाशी नेलं. त्या दाराला वर एक गोल काच होती. वाफेनं ती कायम पांढरी असायची. एकतीस वर्षं सावकाशरावांनी त्या काचेच्या अलीकडं बसून जेवण केलं होतं. बाईंनी खांद्यानं दार ढकललं.

पलीकडची भिंत भिंतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत काच होती, आणि काचेत तळं होतं.

आता तळं काही सावकाशरावांना नवं नव्हतं. ते दर फेरीला त्याच्या काठानं जात. पण त्यांच्या लेखी तळं म्हणजे जाताना डाव्या हाताला पाणी, येताना उजव्या हाताला पाणी, आणि त्या बाजूला कठडा सात ठिकाणी कच्चा. गाडी चालवणाऱ्या माणसानं पाण्याकडं बघायचं नसतं. आत्ता ते पाणी त्यांच्यासमोर काहीएक न करता पडून होतं. पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता, शेंड्यापर्यंत, एकही रेघ न हलता. मधूनच एक पाणबुडा पक्षी बुडे, तेव्हा सबंध डोंगराला एक शिरशिरी येई, काठाकडं सरकत जाई आणि मग डोंगर पुन्हा सावरून उभा राही.

आचारीणबाईंनी त्यांना काचेजवळच्या टेबलावर बसवलं. मुलगी समोर बसली. चहा आला. सावकाशरावांनी कपाला हात लावला नाही.  मुलीनं त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि आपलाही कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

शेवटी ते म्हणाले, "हे सगळं इथंच होतं?"

"इथंच होतं, बाबा."

"मी दर फेरीला माइकवर सांगायचो. उतरून घ्या, इथून तळं फार सुंदर दिसतं." मग ते म्हणाले, "खरंच सांगत होतो की मी."

आचारीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नंतर मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की ही काच माझ्याही वाट्याला पहाटेच येते, फरशी पुसताना. तुझ्या बाबांना एकदा तरी इकडं आणून बसवावं असं कितीदा मनात आलं, पण पुढं गर्दी असायची आणि ते कधी मागायचे नाहीत. न मागणाऱ्याला काय द्यायचं, हे जगाला कळत नाही बघ.

त्या दिवसापासून बापलेकीत एक करार झाला. प्रत्येक थांब्यावर आधी बाप पुढून आत जाणार, आणि मग लेक मागून. सावकाशराव पुढच्या खोल्या बघत सुटले. बागेतल्या केकच्या दुकानात छताला सबंध एक झाडाचं खोड तुळई म्हणून टाकलेलं होतं, ते त्यांनी मान दुखेपर्यंत पाहिलं. त्याच दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी आजवर शेकडो केक खाल्ले होते. नव्यानंच निघालेल्या एका कॅफेत स्वयंपाकघर उघडंच होतं, पुढं आणि मागं असं काही नव्हतंच. ते चालवणारं जोडपं सगळ्यांच्या समोर उभं राहून कॉफी करत होतं. सावकाशराव गोंधळले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. फळ्यावर खडूनं कॉफीचे चौदा प्रकार लिहिले होते. ते वाचून झाल्यावर त्यांनी त्या बाईंना विचारलं, "यातली रोज सगळ्यात आधी संपते ती कुठली?" त्या हसल्या आणि म्हणाल्या की हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारला नाही, हा तर धंद्यातल्या माणसाचा प्रश्न आहे. सावकाशराव म्हणाले, धंद्यातला नाही, रस्त्यावरचा.

मुलगी मागच्या दारानं जाऊ लागली आणि तिला एक वेगळाच माणूस भेटू लागला. तिच्या आठवणीत बाबा म्हणजे तीन दिवसांनी घरी येणारे, पाय गरम पाण्यात सोडून बसणारे आणि दोन वाक्यांत झोपी जाणारे. पण पावाच्या भट्टीत शिरल्याबरोबर तिथल्या म्हाताऱ्या पाववाल्यानं तिला भट्टीचं लोखंडी दार दाखवलं. जुनं दार तडकलं तेव्हा हे दार तुझ्या बापानं शहरातून बसच्या पायऱ्यांवर आडवं टाकून आणलं. प्रवाशांना ते ओलांडून चढावं लागलं, आणि प्रत्येकाची त्यानं हात जोडून माफी मागितली. त्या दिवशी दार आलं नसतं तर सगळ्या खोऱ्याला पाव मिळाला नसता. पाववाल्याच्या आईची औषधंही बाबाच आणत, सलग सहा वर्षं, दर आठवड्याला. केकच्या दुकानातल्या मालकिणीचं आणि तिच्या बहिणीचं भांडण होतं. दोघी एकमेकींशी बोलत नसत, पण पाककृती मात्र बाबांच्या खिशातून इकडून तिकडं जात. चिठ्ठी देताना दोघीही बजावत, मी दिली म्हणून सांगू नका. बाबा सांगत नसत. अक्षर तर दोघींनाही ओळखू येत होतं.

गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं की हे घरी कधी का नाही सांगितलं. सावकाशरावांना प्रश्नच समजला नाही. "त्यात सांगण्यासारखं काय? गाडी तिकडं जातच होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट चढून ते खिंडीत पोचले. तिथं एक टपरी होती. टपरी म्हणायची सवय, एरवी ती दगडी भिंतींची एक बुटकी खोली होती. सहा टेबलं, मधोमध लोखंडी चूल, आणि मागं मालकिणीची निजायची खोली. मालकीण पंच्याहत्तरीची. तिला सगळे मावशी म्हणत. आता डोंगराच्या पोटातून बोगदा झाला होता, पलीकडं जाणाऱ्या गाड्या खालूनच निघून जात. टूरची बस सोडली तर खिंडीत येत ते पायी भटकणारे आणि सायकलवाले. तरी मावशीनं चूल विझू दिली नव्हती. कमरेचा खुबा दुखायचा म्हणून एका हातात काठी, दुसऱ्या हातात पळी, असा तिचा कारभार चाले.

सावकाशराव पुढच्या दारानं आत आले तेव्हा तिनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. "वाट चुकलास वाटतं," ती म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "तू याची लेक. कपाळ तेच आहे. बस. दरड पडली तेव्हा तू केवढी होतीस?"

मुलीला काही उमगेना. कुठली दरड, असं तिनं विचारलं.

मावशीनं सावकाशरावांकडं पाहिलं. सावकाशराव टेबलाच्या लाकडावरची गाठ नखानं खरवडत होते.

"सांगितलं नाहीस?"

"रस्ता खराब होता, असं सांगितलं होतं."

मुलीला ते आठवलं. ती नऊ वर्षांची होती. बाबा दोन दिवस उशिरा आले होते, आणि आईनं विचारल्यावर एवढंच म्हणाले होते, रस्ता खराब होता. मग चोवीस तास झोपले होते.

मग ती गोष्ट मुलीनं त्या दुपारी दोघांच्या तोंडून ऐकली. गंमत अशी की दोघांपैकी कुणीही स्वतःचं सांगेना. मावशीनं काय केलं ते सावकाशराव सांगत होते, आणि सावकाशरावांनी काय केलं ते मावशी.

एकोणीस वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता खिंडीच्या दोन्ही बाजूंना दरड कोसळली. बस मध्ये अडकली. अडतीस प्रवासी आणि सावकाशराव. फोनची तार तुटलेली. सगळे या एका खोलीत. सावकाशराव म्हणाले की पहिल्याच तासाला मावशीनं मला मागं नेलं आणि कोठीचं दार उघडलं. अर्धं पोतं पीठ, थोडे बटाटे, कांदे, मसूर, दोन डझन अंडी, दुधाचं एक कॅन. तिनं ते सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं, दार लावलं, हात पुसले आणि मला म्हणाली, "बाहेर जाऊन सांग, जेवायला जरा उशीर होईल. आज मी साग्रसंगीत करणार आहे."

आणि तिनं खरोखरच साग्रसंगीत केलं. सहाही टेबलांवर धुतलेल्या चादरी अंथरल्या. बशा काढल्या नाहीत, चहाचे कप काढले, आणि सूप कपातून दिलं. अर्धी बशी माणसाला रडवते, भरलेला कप धीर देतो, असं ती म्हणाली होती. पावाचे पातळ काप करून ते कडक भाजले, म्हणजे चावायला वेळ लागावा. प्रत्येकाला काम दिलं. घाबरलेल्याला तर आधी दिलं. एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना तिनं भांडी घासायला बसवलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच भांडं घासलं आणि दुसऱ्या दिवशी इतरांच्या चुका काढू लागले. एक नवं लग्न झालेलं जोडपं वाटेत भांडत आलं होतं, त्यांना एकाच परातीत कणीक मळायला लावलं. दोन रात्री आणि तीन दिवस, अन्न कमी आहे हे त्या खोलीत एकालाही कळलं नाही.

"एकाला कळलं," मावशी म्हणाली.

"मला कळलं ते मी मागं बसलो होतो म्हणून," सावकाशराव मुलीला म्हणाले. "ती सगळ्यांना सांगायची, माझं स्वयंपाकघरात झालं. मी स्वयंपाकघरातच होतो. तिचं काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकानं कुरकुर केली, पोट भरलं नाही म्हणाला. तिनं त्याला आणखी एक कप भरून दिला. तो तिच्या वाटणीचा होता. मी माझा पाव पुढं केला तर मला म्हणाली, तुला गाडी चालवायचीये, मला काय, मी इथंच आहे."

मावशीनं हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुलीत लाकूड सारलं आणि मग तिची बाजू सांगायला घेतली. त्या माणसांत एक बाई होती, मांडीवर तीन महिन्यांचं पोर. भीतीनं तिचं दूध आटलं. कॅनमधलं दूध पहिल्याच दिवशी संपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोर रडायचंही थांबलं. तेव्हा हा माझ्याकडून गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन गेला. मला वाटलं, पाठ दुखत असेल. हा खालच्या बाजूच्या दरडीवरून उतरला. दरड अजून बसली नव्हती, दगड सुटत होते, मी खिडकीतून आवाज ऐकत होते. खाली रस्ताकामगारांची झोपडी आहे, तिथं गाय होती. अंधार पडायच्या आत हा परत आला. दुधानं भरलेली पिशवी सदऱ्याच्या आत पोटाला बांधलेली, कोमट राहावं म्हणून. गुडघ्यापासून खाली पँट उरली नव्हती. लोकांनी विचारलं, इतका वेळ कुठं होतात? तर म्हणाला, टायर बघत होतो.

मुलीनं वडिलांकडं पाहिलं. डाव्या नडगीवर लांब पांढरा व्रण होता, तो ती लहानपणापासून बघत आली होती. सायकलवरून पडलो होतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"मग पोर?" तिनं विचारलं.

"पोर प्यालं आणि झोपलं," मावशी म्हणाली. "मला त्या रात्री झोप आली नाही. अशी माणसं जगात असतात, आणि ती आपल्या मागच्या दाराशी बसून मुकाट बटाटे खातात. मी रात्रभर तेच बघत बसले होते."

सावकाशराव उठून बाहेर गेले. गाडीच्या टायरांत हवा आहे का ते त्यांनी पाहिलं. चारही टायरांत हवा होती.

ती दोघं तिथंच मुक्कामाला राहिली. सकाळी उजाडल्यावर मावशीनं काठीनं सावकाशरावांच्या खाटेला टोचलं. "इतकी वर्षं येतोस. मागच्या टेकाडावर कधी चढलास?"

बस सोडून कसा जाणार, असं ते झोपेतच म्हणाले.

"आज बस नाही. ऊठ. उन्हं चढली की दिसत नाही."

मावशीचा खुबा तिला वर जाऊ देईना. ती खालीच थांबली आणि बोटानं वाट दाखवली. बापलेक चढले. शंभर-दीडशे पावलांची चढण होती, ओलं गवत, मधूनमधून खडक. माथ्यावर पोचून मुलगी दम घेत होती, तेवढ्यात शेजारचा माणूस खाली बसल्याचं तिला जाणवलं.  सावकाशराव एका खडकावर बसले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी खडकाच्या कडा धरल्या होत्या.

खाली सगळा रस्ता होता.

सगळाच्या सगळा. पायथ्यापासून खिंडीपर्यंत आणि त्याच्याही मागं, बागांमधून, तळ्याच्या कडेकडेनं, पार स्टेशनच्या गावापर्यंत, जिथं धुक्यात एक पाण्याची टाकी तेवढी ओळखू येत होती. आजवर सावकाशरावांना रस्ता दिसला होता तो पुढच्या काचेतून, एका वेळी पन्नास पावलं. एक वळण संपलं की पुढचं. ती वळणं एकमेकांना अशी जोडलेली असतील, डोंगराच्या अंगावर कुणी एकाच दोऱ्यानं, न तोडता, टाके घालत आणल्यासारखी, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दोरा इतका बारीक होता की वाऱ्यानं हलेल असं वाटत होतं. त्याच्या एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

"एवढं?" ते म्हणाले. 

सकाळच्या चुली पेटल्या होत्या. मुलीला खाली जागोजाग नुसते राखाडी ठिपके दिसत होते. सावकाशरावांना ते वाचता येत होते. सरळ वर जाणारा तो पाववाल्याचा, तीन तास आधीच पेटलेला. वाकडा, दोन वाटांनी फुटणारा तो आचारीणबाईंचा, त्यांच्या धुराड्यात चिमण्यांचं घरटं आहे. तो पिवळट बागेतला, ओली लाकडं जाळतात, कितीदा सांगितलं. ते बोट फिरवत गेले आणि एकेक नाव घेत गेले. अकरा धूर झाले. कालच्या उघड्या कॅफेचा धूर नव्हता, त्यांची वीज होती, पण त्याची जागाही त्यांनी दाखवली.

"बाबा, किती माणसं नेली असतील तुम्ही यावरून?"

त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता केला, ओठ हलवत. वर्षाच्या फेऱ्या, फेरीतली माणसं, एकतीस वर्षं. "लाखाच्या आसपास," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराकडं असे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं.

मुलीनं त्या दोऱ्याकडं पाहिलं. मग त्या दोऱ्याच्या खाली पाहिलं. लाख माणसं, आणि त्यांतला एकही खाली गेला नव्हता.  तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

"मला आधी दिसलं असतं ना," सावकाशराव हळूच म्हणाले, "तर मी पहिल्याच दिवशी चावी परत दिली असती."

ऊन वर आलं, धूर विरले, रस्ता पांढरा झाला आणि मग झाडीत हरवला. दोघं खाली उतरली. मावशीनं अंडी केली होती, पाव भाजला होता. तिघं पुढच्या खोलीत, खिडकीशी एकाच टेबलावर बसली. सावकाशराव खात होते. मध्येच त्यांनी हात थांबवला आणि जी गोष्ट विचारायला एकोणीस वर्षं धीर झाला नव्हता ती विचारली.

"मावशी, त्या वेळी तू कोठीत बघितलंस, दार लावलंस आणि साग्रसंगीत करते म्हणालीस. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला तेव्हा कोठीत मूठभर मसूर उरले होते. तुला कसं कळलं होतं की पुरेल?"

मावशीनं पाव चावून संपवला. घाई तिला कधीच नसे.

"मला काय कळणार?" ती म्हणाली. "मी फक्त पुढच्या जेवणाचं बघत होते. ते झालं की त्याच्या पुढचं."

 सावकाशरावांनी मान खाली घालून आपलं अंडं संपवलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, दरडीसकट. ती आधी रागावली, मग रडली, मग नडगीवरचा व्रण बघून पुन्हा रागावली. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आधी मुलीनं मावशीला शहरात आणलं आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे मावशी त्यांच्याच घरी, शिलाई मशीनच्या शेजारच्या खाटेवर होती, आणि दोघी बायकांनी मिळून सावकाशरावांचे सगळे दोष एकमेकींना सांगून टाकले. ते ऐकायला सावकाशराव घरी नव्हते. ते वर खिंडीत होते, मावशीची चूल सांभाळत. सूप त्यांना जमलं नाही. पाव बरा भाजायचे. सायकलवाले आणि पायी भटकणारे घामेघूम होऊन आत येत आणि फळ्यावर काय लिहिलंय ते शोधू लागत. सावकाशराव त्यांना बसू देत नसत. मागचं दार उघडून टेकाडाकडं बोट दाखवत आणि म्हणत, आधी वर जाऊन या, तोवर पाणी उकळतं.

परत आलेली माणसं टेबलाशी बसत, आणि बराच वेळ कुणी काही मागत नसे.